आजारी माणसाला घरी बसता आले पाहिजे

हंगामी फ्लूच्या प्रतिबंधासाठी शासकीय रुग्णालयांतील परिचारिका, आशाताई, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कक्षसेवक व कंत्राटी सफाई कर्मचारी यांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. मंत्री, कामगार विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : कोरोनाकाळातील खबरदारीने हंगामी फ्लू ओसरला, त्या अनुभवाच्या आधारे पावसाळ्यापूर्वी करावयाच्या उपाययोजनांबाबत.

महोदय,

एच१एन१ फ्लूने, म्हणजे लोक ज्याला अजूनही स्वाइन फ्लू म्हणतात त्या आजाराने, २०१९ साली देशात १,२१८ माणसे दगावल्याची सरकारी नोंद आहे. २०२० साली ही संख्या ४४ होती. २०२१ साली ती १२ वर आली. २०२२ साली पुन्हा ४१० माणसे गेली आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा होता. आपल्या राज्याने कोरोनाचे सगळे निर्बंध २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी उठवले होते. त्याच वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई, ठाणे, पुणे आणि कोल्हापूरच्या वॉर्डांत फ्लूचे रुग्ण पुन्हा दिसू लागले.

आम्ही याच वॉर्डांत काम करतो. मधल्या दोन पावसाळ्यांत कोरोनाने आम्हाला श्वास घ्यायला फुरसत दिली नाही, पण दरवर्षी ओळखीचा असलेला फ्लू कुठे गेला हा प्रश्न तेव्हाही मनात येत होता. त्या प्रश्नाचे उत्तर आता जगभरच्या अभ्यासांतून पुरेसे स्पष्ट झाले आहे. त्या उत्तराचा आपल्या राज्यात काहीच उपयोग झालेला नाही, म्हणून हे मागणीपत्र.

आधी एक शंका मिटवणे आवश्यक आहे. आपल्याकडे २०२० मध्ये जवळजवळ सगळे स्वॅब कोरोनाच्या तपासणीला जात होते, फ्लूची तपासणी मागे पडली होती. शिवाय केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार फ्लूच्या सौम्य रुग्णांची तपासणी होतच नाही. दाखल करावे लागते त्या ‘क’ गटातील रुग्णाचीच होते. त्यामुळे वरचे आकडे म्हणजे हिमनगाचा पाण्यावर दिसणारा थोडासा भाग आहे हे आम्हाला ठाऊक आहे. केवळ त्यांच्या भरवशावर आम्ही काहीही मागत नाही. मात्र ज्या देशांनी फ्लूची तपासणी थांबवली नाही, तिथेही हेच घडले. दक्षिण गोलार्धात एप्रिल ते जुलै हा फ्लूचा हंगाम असतो. ऑस्ट्रेलिया, चिली आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांत २०२० च्या त्या चार महिन्यांत ८३,३०७ नमुने तपासले गेले आणि त्यांपैकी फ्लूचे निघाले फक्त ५१. त्याआधीच्या तीन वर्षांत याच महिन्यांत शंभरातले सुमारे १४ नमुने फ्लूचे निघत होते. अमेरिकेत २०२०-२१ च्या हंगामात आठ लाखांहून अधिक नमुन्यांत १,६७५ म्हणजे ०.२ टक्के नमुने फ्लूचे आढळले. त्या हंगामात तिथे फ्लूने एक मूल दगावले, आधीच्या हंगामात १९९ मुले गेली होती. तपासणी भरपूर होती. आजारच नव्हता.

काही तज्ज्ञांचे म्हणणे असे की, एका विषाणूची साथ जोरात असली की दुसऱ्याला शिरकाव मिळत नाही, म्हणजे फ्लूला कोरोनानेच हुसकावले. या म्हणण्यात काही तथ्य असूही शकेल, परंतु न्यूझीलंडचे उदाहरण त्याच्या विरोधात जाते. तिथे २०२० च्या हिवाळ्यात कोरोना जवळपास नव्हताच, तरीही फ्लू आधीच्या वर्षांच्या तुलनेत ९९.९ टक्क्यांनी घटला. तिथे फ्लूला हुसकावणारा दुसरा विषाणू नव्हता. बंद सीमा, घरात थांबणारी माणसे आणि बदललेल्या सवयी एवढेच होते.

मग जी खबरदारी घेऊनही कोरोना आवरत नव्हता, तिच्यापुढे फ्लू इतका सहज का हरला? याचे उत्तर दोन्ही आजारांच्या पसरण्याच्या वेगात आहे. सुरुवातीच्या काळातील कोरोनाचा एक रुग्ण सरासरी अडीच-तीन जणांना आजार देत असे. हंगामी फ्लूचा रुग्ण देतो सव्वा ते दीड जणांना. हाँगकाँगमध्ये जानेवारी २०२० च्या अखेरीस शाळा बंद झाल्या, लोकांनी स्वतःहून मास्क लावले, गर्दी टाळली, आणि तेथील संशोधकांनी मोजले तेव्हा फ्लूचा हा आकडा १.२८ वरून ०.७२ वर आला होता. एक रुग्ण सरासरी एकापेक्षा कमी जणांना आजार देऊ लागला की साथ विझते. फ्लूची साथ ओल्या लाकडांच्या चुलीसारखी आहे. सतत फुंकर घातली तरच ती पेटती राहते. थोड्या फुंकरा कमी झाल्या तरी पुरे.

आमचे सगळे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे. फ्लू थांबवायला टाळेबंदी लागत नाही. २०२० मध्ये जे केले त्याचा अगदी लहानसा, कोणाचे पोट न मारणारा भाग जरी दरवर्षीच्या पावसाळ्यात टिकवला तरी कितीतरी जीव वाचतील. तो लहानसा भाग कोणता आणि तो पाळण्याची ऐपत कोणाला आहे, हा खरा प्रश्न आहे.

कोणत्या उपायाचा किती वाटा, हे वेगळे काढून दाखवणे कठीण आहे, कारण सगळे उपाय एकाच वेळी झाले. शाळा बंद राहिल्याचा वाटा मोठा असणार, कारण फ्लू घरोघर नेण्यात लहान मुलांचा हात सर्वांत मोठा. विमाने थांबल्याचाही मोठा, कारण दर हंगामाचे नवे वाण एका देशातून दुसऱ्या देशात प्रवाशांबरोबरच जातात. मास्कबाबत संशोधकांचे एकमत नाही. बांगलादेशात सुमारे ६०० खेड्यांत कोरोनाकाळात झालेल्या मोठ्या चाचणीत, जिथे सर्जिकल मास्क वाटले आणि वापरायला उद्युक्त केले तिथे लक्षणे असलेला संसर्ग साधारण ११ टक्क्यांनी घटला आणि साठीपुढच्या लोकांत तो बराच जास्त घटला. हा फायदा माफक आहे, पण ज्या आजाराला एकाच्या खाली आणण्यासाठी थोडेच ढकलावे लागते तिथे माफक फायदाही मोलाचा. साधी सर्दी आणणारा ऱ्हायनोव्हायरस मात्र टाळेबंदीतही अनेक देशांत टिकून राहिला, हेही आम्ही लपवत नाही. प्रत्येक विषाणूला एकच औषध नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. दोन वर्षे फ्लू झाला नाही म्हणजे दोन वर्षे लोकांच्या शरीराला त्याची ओळख राहिली नाही. लहान मुलांना तर ती झालीच नव्हती. त्यामुळे खबरदारी सुटल्यावर साथ उसळली. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये वर्षभरात फ्लूचे हजारही रुग्ण नोंदले गेले नव्हते. २०२२ मध्ये सव्वादोन लाख झाले आणि हंगामही लवकर आला. आपल्याकडे २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एच३एन२ या फ्लूच्या वाणाने घरोघर खोकला पसरवला. काही जण यावरून म्हणतात की खबरदारीचा उपयोग नाही, आज टाळलेले उद्या येतेच. हे म्हणणे आम्हाला मान्य नाही. सगळे एकदम बंद करून सगळे एकदम उघडले तर उसळी येणारच. दरवर्षी थोडी खबरदारी आणि तिच्या जोडीला लस असेल तर प्रतिकारशक्तीही राहते आणि वॉर्डही ओसंडत नाहीत. शिवाय काही नफा कायमचा असतो: फ्लूचा बी/यामागाटा हा वाण मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने सापडलेला नाही, इतका की जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२३ पासून तो लशीतून वगळण्याची शिफारस केली. माणसांनी काही महिने आपले वागणे बदलले आणि फ्लूची एक आख्खी शाखा बहुधा नामशेष झाली.

आता खबरदारीच्या ऐपतीबद्दल.

मुंबईत १९१८ च्या जूनमध्ये बंदरातून फ्लू शिरला आणि त्या वर्षीच्या पावसाळ्याअखेर त्याची दुसरी, जीवघेणी लाट आली. त्या वेळच्या शहराच्या आरोग्य नोंदींत मृत्यूचे प्रमाण समाजगटांनुसार दिलेले आहे. शहरातल्या युरोपियनांमध्ये हजारी ८.३ माणसे मेली. ज्यांना त्या नोंदींत ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले आहे त्यांच्यात हजारी ६१.६. विषाणू तोच, शहर तेच, महिने तेच. फरक होता तो खोलीत किती माणसे झोपतात, ताप असताना कामावर जावे लागते की नाही आणि कोणी पाणी द्यायला जवळ आहे की नाही, यांचा. शंभर वर्षांनी टाळेबंदीत पुन्हा तेच झाले: ज्यांना घरून काम करता आले ते सुरक्षित राहिले, भाजी, कचरा, दूध, रुग्ण आणि प्रेते ज्यांनी वाहिली ते बाहेर होते. खबरदारीचा सगळा उपदेश ‘घरीच थांबा’ या दोन शब्दांत होता. घरी थांबलेल्या दिवसाचे पैसे कोण देणार, यावर फारसे कोणी बोलले नाही.

आजही तसेच आहे. आमच्या संघटनेतील कंत्राटी कक्षसेविका, ज्यांना सगळे मावशी म्हणतात, ताप आला तरी क्रोसिन घेऊन कामावर येतात, कारण खाडा पडला की ठेकेदार त्या दिवसाची मजुरी कापतो आणि दोन-तीन खाडे झाले की बदली माणूस आणतो. एका रुग्णालयात अशीच एक मावशी अंगात ताप असताना बाळंतिणींच्या वॉर्डात लादी पुसत होती. इन्चार्ज सिस्टरने तिला घरी जायला सांगितले, तर ती हात जोडून म्हणाली, “सिस्टर, हजेरी लागू दे, मग एका कोपऱ्यात बसते.” गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना फ्लू विशेष घातक ठरू शकतो, हे त्या मावशीला आमच्याइतकेच माहीत होते. आशाताईंच्या मोबदल्याचा तर मोठा भाग कामागणिक आहे. ताप आला म्हणून गृहभेटी थांबल्या की त्या भेटींचा मोबदलाही थांबतो, आणि भेटी चालू ठेवल्या तर त्याच फ्लू घरोघर पोचवतात. आपण त्यांना दोन्हींपैकी काय करायला सांगणार आहात?

मागणी पहिली : आजारपणाची भरपगारी रजा

फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून आजार पसरवू लागतो आणि पहिल्या तीन-चार दिवसांत तो सर्वाधिक पसरवतो. म्हणजे घरी बसायचे ते पहिल्याच दिवशी. आपले नियम मात्र नेमके उलटे आहेत. कर्मचारी राज्य विमा योजनेत महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला आजारपणात मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. ही योजना चांगली आहे. पण आजारपणाचे पहिले दोन दिवस त्यात धरले जात नाहीत, आणि दाखला आणावा लागतो. जे दोन दिवस सर्वांत धोक्याचे, त्याच दोन दिवसांचे पैसे नाहीत. दाखल्यासाठी तापाने फणफणलेल्या माणसाला दवाखान्याच्या रांगेत दोन-तीन तास उभे राहावे लागते आणि तो रांगेतल्या इतरांना आजार वाटून घरी येतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ दिवसांची भरपगारी किरकोळ रजा आहे, परंतु ती कमी कामगार असलेल्या लहान आस्थापनांना लागू नाही आणि आजारपणासाठी वेगळी रजा त्यात नाही. घरकामगार, रोजंदारीवरचे, फेरीवाले यांना तर काहीच नाही.

म्हणून आमची मागणी अशी की, शासनाच्या व महापालिकांच्या सर्व रुग्णालयांत ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या प्रत्येकाला तापाच्या आजारासाठी वर्षात किमान सात दिवस भरपगारी रजा द्यावी, तिचा खर्च कंत्राटाच्या निविदेतच धरावा आणि पहिल्या तीन दिवसांसाठी कोणताही दाखला मागू नये. आशाताईंना अशा दिवसांचा ठरावीक मोबदला मिळावा. विमा योजनेतील दोन दिवसांची अट तापाच्या व श्वसनाच्या आजारांपुरती रद्द करावी, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी. दुकाने व आस्थापना कायद्यात आजारपणाच्या वेगळ्या रजेची तरतूद करण्यासाठी कामगार विभागाने दुरुस्तीचा मसुदा तयार करावा.

या रजेचा गैरफायदा घेतला जाईल, असे आम्हाला दर बैठकीत ऐकवले जाते. काही जण घेतीलही. पण अमेरिकेत कनेटिकट राज्याने २०११ मध्ये भरपगारी आजारपणाच्या रजेचा कायदा केला, पुढे इतर राज्यांनी आणि शहरांनी केला, आणि तिथल्या अभ्यासकांना असे आढळले की असे कायदे लागू झाले तिथे फ्लूसारख्या आजारांचे प्रमाण घटले. गैरफायद्याची किंमत आणि ओसंडलेल्या आयसीयूची किंमत एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावी, एवढीच विनंती आहे.

मागणी दुसरी : ओपीडीतील गर्दी आणि हवा

पुण्यात ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, एका शाळकरी मुलीचा. त्यानंतरच्या आठवड्यांत शाळा बंद झाल्या, दुकानांतले मास्क संपले आणि तपासणी केंद्रांबाहेर हजारो माणसे तासन्‌तास उभी राहिली. ज्यांना फ्लू नव्हता त्यांना तो त्या रांगेत मिळाला असण्याचा पुरेपूर संभव होता. आज केसपेपरच्या खिडकीपुढची कोणतीही सकाळ बघा. खोकणारा तरुण, डायलिसिसला आलेले आजोबा, सातवा महिना असलेली बाई, सगळे एकाच रांगेत, एकाच बंद व्हरांड्यात.

जून ते सप्टेंबर आणि जानेवारी ते मार्च या काळात प्रत्येक रुग्णालयात ताप-खोकल्याची नोंदणी वेगळ्या खिडकीवर, शक्य असेल तिथे उघड्यावर छपराखाली व्हावी. खोकणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दारातच मास्क द्यावा, फुकट, आणि प्रेमाने सांगून. कोरोनाकाळात हे सगळे होत होते. मंडप होते, टेबल होते, माणसे होती. मंडप निघाला त्या दिवशी पद्धतही मोडली. कर्मचाऱ्यांना या दोन हंगामांत सर्जिकल मास्कचा आणि स्वॅब घेणाऱ्यांना एन-९५ चा पुरवठा अखंड राहावा.

हवेबाबत थोडे. जुन्या दगडी रुग्णालयांना उंच छत, समोरासमोर खिडक्या आणि वर झरोके होते. नव्या इमारतींत काचा बंद, एसी चालू आणि तीच हवा फिरते. ज्या वॉर्डांत नळीने प्राणवायू दिला जातो तिथे बाहेरची हवा तासाला किती वेळा बदलते हे मोजावे. गर्दीच्या प्रतीक्षागृहात कार्बन डायऑक्साइड मोजणारे साधे यंत्र लावले तरी हवा कोंडली आहे की नाही हे कळते. जिथे कोंडली असेल तिथे पंखे बसवून ती बाहेर फेकण्याची व्यवस्था करावी. यात फार पैसे नाहीत.

मागणी तिसरी : लस एप्रिल-मे मध्ये, पावसाळ्याआधी

काश्मीरमध्ये फ्लूची मुख्य साथ हिवाळ्यात येते. महाराष्ट्रात ती पावसाळ्याबरोबर येते, हिवाळ्याच्या शेवटी एक लहान लाट येते. म्हणून आपल्याकडे लस एप्रिल-मे मध्ये आणि दक्षिण गोलार्धाच्या शिफारशीप्रमाणे बनवलेली द्यायला हवी. जागतिक आरोग्य संघटना ती शिफारस दर सप्टेंबरमध्ये जाहीर करते. म्हणजे खरेदीची प्रक्रिया सप्टेंबरपासून सुरू करायला पुरेसा वेळ आहे. प्रत्यक्षात लस बऱ्याचदा केव्हा येते हे आपल्या विभागाला आम्ही सांगायला नको. साथ शिखरावर असताना टोचलेली लस दोन आठवड्यांनी काम करू लागते आणि तोवर रुग्ण ओसरू लागलेले असतात.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये गरोदर स्त्रिया, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना फ्लूची लस मोफत द्यायला सुरुवात केली. देशात हे पाऊल आधी उचलणारे राज्य आपले होते. त्याचा आम्हाला अभिमान आहे आणि म्हणूनच ते पुढे न गेल्याचे दुःख आहे. फ्लूची लस आजही राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. निदान राज्याने आपल्या कार्यक्रमाचे वेळापत्रक पक्के करावे, दरवर्षी १५ एप्रिल ते ३१ मे, आणि ‘आरोग्य कर्मचारी’ या शब्दांत ठेकेदाराचे सफाई कामगार, रुग्णवाहिकेचा चालक, स्वयंपाकघरातली माणसे, सुरक्षारक्षक आणि आशाताई यांचाही समावेश करावा. लस कोणावर सक्तीची करू नये.

इथे आषाढी वारीचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. आळंदी आणि देहूहून पालख्या निघतात तेव्हा पावसाळा सुरू झालेला असतो, वारकऱ्यांमध्ये साठीच्या पुढचे अनेक असतात आणि मुक्कामाला शाळांच्या खोल्यांत, मठांत, तंबूंत दाटीवाटीने झोपावे लागते. २०२० आणि २०२१ मध्ये पालख्या एसटीने पंढरपूरला न्याव्या लागल्या. ती वेळ पुन्हा कोणावर येऊ नये. वारी जशी आहे तशीच राहावी. फक्त प्रस्थानाच्या महिनाभर आधी दिंडीप्रमुखांच्या मदतीने गावोगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्येष्ठ वारकऱ्यांना लस मिळावी आणि वाटेवरच्या दवाखान्यांत फ्लूवरचे ऑसेलटॅमिविर पुरेसे असावे. हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांत दिले तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. ते जिल्ह्याच्या गोदामात असून भागत नाही.

मागणी चौथी : तपासणी चालू ठेवा, आकडे उघडे ठेवा

कोरोनाकाळात जिल्ह्याजिल्ह्यांत आरटी-पीसीआर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. यंत्रे आहेत, त्यांवर काम शिकलेले अनेक तंत्रज्ञ कंत्राट संपल्यावर घरी गेले. एकाच स्वॅबमधून फ्लू आणि कोरोना दोन्ही तपासता येतात. प्रत्येक जिल्ह्यात दर आठवड्याला बाह्यरुग्णांतील ठरावीक नमुने, सौम्य आजाराचेसुद्धा, वर्षभर तपासले जावेत, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली. जिल्हावार आकडे दर आठवड्याला मराठीत प्रसिद्ध व्हावेत. साथ वर चढते आहे हे रुग्णालयाला मृत्यूंवरून कळू नये. आणि त्या तंत्रज्ञांना पुन्हा कामावर घ्यावे.

मागणी पाचवी : शाळा

शाळा बंद ठेवण्याची मागणी आम्ही करत नाही. दीड-दोन वर्षे बंद राहिलेल्या शाळांनी मुलांचे काय केले ते आम्ही आमच्या घरांत पाहिले आहे. पण शंभर टक्के उपस्थितीचे बक्षीस बंद करावे. ताप असलेले मूल आईला कामावर जायचे आहे म्हणून शाळेत येते, हेही खरे. म्हणून ही मागणी पहिल्या मागणीपासून वेगळी काढता येत नाही.

आम्हाला काय नको

दंड नको. मास्क नाही म्हणून भाजीवालीच्या हातावर पावती ठेवणारी खबरदारी आम्हाला पुन्हा पाहायची नाही. १८९७ मध्ये प्लेगच्या वेळी पुण्यात गोरे सैनिक घराघरांत शिरले, बायाबापड्यांची झडती घेतली, सामान रस्त्यावर टाकले. लोक प्लेगपेक्षा त्या बंदोबस्ताला घाबरू लागले, रुग्ण लपवू लागले, आणि त्याची परिणती प्लेगच्या बंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी रँड याच्या खुनात झाली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी प्राण सोडले. त्याच वर्षी झालेला साथरोग कायदा २०२० मध्येही आपल्या हाताशी होता. लोकांवर जबरदस्ती करण्याचे अधिकार सरकारकडे सव्वाशे वर्षे आहेत. आजारी माणसाला घरी बसता यावे म्हणून त्याला पहिल्या दिवसापासून मजुरी देण्याचे बंधन मात्र बहुतेक मालकांवर अजूनही नाही. आम्हाला हे दुसरे हवे आहे.

वरीलपैकी दुसऱ्या आणि पाचव्या मागणीसाठी शासनाच्या परिपत्रकापलीकडे फारसे काही लागणार नाही, त्यामुळे ती परिपत्रके १५ मेपूर्वी निघावीत. लस खरेदी आणि तंत्रज्ञांच्या नेमणुकांसाठी पुरवणी मागण्यांत तरतूद करावी. भरपगारी रजेच्या प्रश्नावर आरोग्य, कामगार आणि वित्त या तीन विभागांच्या सचिवांसह संघटनेच्या प्रतिनिधींची बैठक एप्रिलअखेर बोलवावी. त्या बैठकीत ठेकेदारांच्या निविदांचे सध्याचे नमुने आणि हजेरीपटांवर आजारपणामुळे कापलेल्या दिवसांची माहिती आमच्याकडून सादर केली जाईल. लेखी उत्तराची वाट पाहत आहोत.

आपले विश्वासू,

अध्यक्ष
सरचिटणीस
(कार्यकारिणीच्या वतीने)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : आयुक्त, आरोग्य सेवा, सर्व जिल्हा शल्यचिकित्सक, सर्व जिल्हा आरोग्य अधिकारी, सर्व महापालिकांचे वैद्यकीय आरोग्य अधिकारी.